महिन्याचं पान

फोन आला तेव्हा पिल्लू माझ्या हातात होतं.

कॅम्प-वन वस्तीत केवलरामच्या घरी, मागच्या पडवीत, मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो होतो. केवलराम घरीच पामेरियन कुत्री पाळतो आणि पिल्लं विकतो. त्यानं टोपलीतलं एक उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं. पांढरं, कानांजवळ जरा पिवळट. माझी ओंजळसुद्धा भरली नाही.

"ये सबसे छोटी है," तो म्हणाला. "पर तेज है. देखो, कैसे सूँघ रही है."

पोलादाच्या प्लांटमध्ये मी सगळी नोकरी क्रेनवर केली. वर केबिनमध्ये बसायचं आणि खाली माणसं काम करत असताना त्यांच्या डोक्यावरून लाल तापलेलं लोखंड न्यायचं. हात हलू द्यायचा नाही, हेच काम. त्या सकाळी माझे हात हलत होते. पिल्लाचं काळीज बोटांना लागत होतं.

खिशात फोन वाजला. पिल्लू पडेल म्हणून मी उचलला नाही. पुन्हा वाजला. केवलरामनंच तो माझ्या खिशातून काढला आणि कानाला लावून दिला.

"बाबा, कुठं आहा तुमी?" माझी मुलगी अपूर्वा बोलत होती. "लवकर या. आई…"

पुढं तिला बोलता आलं नाही. मागून कुणाचा तरी आवाज आला, "उनको बोलो, आराम से आएँ."

आरामात या म्हणतात तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मला समजलं. मी पिल्लू केवलरामच्या हातात दिलं आणि स्कूटरकडे गेलो.

माझ्या बायकोला, वंदनाला, हार्टचा झटका आला होता. पण ती सावरली होती. डॉक्टर म्हणाले होते की दोन दिवसांत घरी सोडू. आदल्या संध्याकाळी तर ती उशीला टेकून बसली होती आणि नर्सच्या फोनवर कुत्र्याच्या पिल्लांचे व्हिडिओ पाहत होती.

"अहो, असं एखादं आणा ना घरी," ती म्हणाली.

"आणू."

"आणू नाई, आणा. नोकरीत होते तवा शिफ्टा होत्या. आता त कोणता बहाना आहे तुमच्यापाशी?"

"बरं, आणतो."

"नाव मी ठेवून टाकलं."

"काय?"

"आत्ता नाई सांगत. तुमाले सांगतलं त तुमी त्याच्यात खोट काढान. पिल्लू आणा, मंग सांगीन."

सकाळी अपूर्वाला वंदनाजवळ बसवून मी म्हणालो, "घरी जाऊन आंघोळ करून येतो." घरी गेलोच नाही, सरळ कॅम्प-वनला गेलो. पिल्लू ठरवायचं, मग येऊन वंदनाला सांगायचं, असं मनात होतं.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा शर्टाचा पुढचा भाग ओला होता. पिल्लानं हातात असतानाच शू केली होती. तसाच मी तिच्याजवळ उभा राहिलो.

संध्याकाळी तुमसरहून माझी मोठी बहीण मनकर्णा आली. आम्ही तिला बाई म्हणतो. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कायचा वास येऊन राहिला रे तुह्या शर्टाले?"

"हॉस्पिटलचा," मी म्हणालो.

दहाव्याला शिवनाथ नदीवर पिंड ठेवून मी पुरता मागं सरलोही नव्हतो, तोच कावळा आला. लोक म्हणाले, भाग्यवान. बाई म्हणाली, "सुखानं गेली वंदना. मांगं काई ठेवलं नाई तिनं."

मी खाली पाहत राहिलो. मागं राहिलेलं कॅम्प-वनच्या टोपलीत होतं.

तेरवी झाली आणि केवलरामचा फोन आला. "अंकल, माताजी का सुना. वो छोटी वाली को मैंने रोक के रखा है. आप नहीं लोगे तो दूसरे को दे दूँ?"

दे, असंच म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "आता हूँ."

पिल्लू घेऊन मरोद्याला घरी आलो तेव्हा बाई दारात तांदूळ निवडत बसली होती. माझ्या स्वेटरमधून बाहेर आलेलं डोकं तिनं पाहिलं.

"माणिक, घरातले आसू वाळले नाई अजून. अन् तू खेळणं आणलं?"

"वंदनानं सांगतलं होतं."

"मरणाच्या खाटेवर कुत्रं मांगतलं तिनं?"

"मरणाची खाट आहे हे तिले तरी कुठं माईत होतं," मी म्हणालो.

बाई परत तांदूळ निवडू लागली. अपूर्वा आतून आली. तिनं पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आतून जुनी चादर आणून तिनं एका खोक्यात अंथरली.

दुसऱ्या दिवशी सेक्टर-2 च्या बाजारातल्या, जनावरांच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी पिल्लाला भाजीच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर ठेवलं आणि मान हलवली.

"अंकल, ये बहुत छोटी है. इसके शरीर में कुछ जमा नहीं रहता. हर तीन घंटे में थोड़ा-थोड़ा खिलाना. भूखी रही और ऊपर से ठंड लगी, तो शुगर गिर जाएगी. लड़खड़ाए, सुस्त पड़े, तो पहले मसूड़ों पर कुछ मीठा लगाना, फिर मेरे पास लाना."

जानेवारीची थंडी होती. मी खोक्यात कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवू लागलो. कोमट पाण्यात त्याचं खाणं भिजवायचं, बोटानं कुस्करायचं, वाटीतलं संपेपर्यंत समोर बसायचं. जंताचं औषध दिलं की शी बघायची. शिंकलं की नाक बघायचं. गाढ झोपलं की मी पोटावर बोट ठेवून पाहायचो. श्वास लागला की मग उठायचो. वंदनाला हॉस्पिटलात नेलं त्याआधी आठवडाभर ती जिना चढून आली की पलंगावर बसून राहायची. तेव्हा मी विचारलं होतं, "दमली का?" ती म्हणाली होती, "हो." तेवढ्यावर मी पेपर वाचायला लागलो होतो. पिल्लाच्या पोटावर बोट ठेवलं की ते आठवायचं.

आणि तरी मजा यायची. खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघराचा उंबरा त्याला चढता यायचा नाही. ते मागं जायचं, धावत यायचं, उंबऱ्यावर पोट टेकून अडकायचं. पुढचे पाय आत, मागचे हवेत. एकदा भिंतीला टेकवलेल्या स्टीलच्या परातीत त्याला दुसरं पिल्लू दिसलं. ते भुंकलं. भुंकलं म्हणजे शिंकल्यासारखा आवाज आला. त्या आवाजानं ते स्वतःच दचकून मागं पडलं. मी मोठ्यानं हसलो.

आत बाईच्या हातातलं लाटणं थांबलं. थोड्या वेळानं लाटण्याचा आवाज परत सुरू झाला. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. बायको जाऊन महिना झाला नव्हता.

मग महिन्याचं पान आलं. आमच्यात माणूस गेल्यावर दर महिन्याला त्या तिथीला त्याचं पान वाढतात. त्याला आवडायचं ते रांधायचं, पत्रावळीवर वाढून उघड्यावर ठेवायचं, आणि कावळ्यानं चोच लावली की मग घरच्यांनी जेवायचं. बाई त्यासाठीच थांबली होती. पहाटे उठून तिनं उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर आणि वंदनाला आवडायच्या त्या पाटोड्या केल्या.

"पान शिवलं जाईपर्यंत घरात कोणाच्या तोंडात घास नाई," तिनं सांगितलं. "चहा बी नाई. अन् त्या कुत्रीले बी नाई, आधीच सांगून ठेवते."

"आत्याबाई, लहानसं पिल्लू आहे ते," अपूर्वा म्हणाली. "उसको क्या समझता है?"

"तिले नसन समजत. तुह्या मायले समजते."

अपूर्वानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी काय सांगितलं ते मला पाठ होतं. मी एक शब्द बोललो असतो तर बाईनं ऐकलं असतं. ती कडक आहे, पण दुष्ट नाही. पिल्लाची वाटी माझ्या हातात होतीसुद्धा. मी ती परत फळीवर ठेवली. या पिल्लासाठी मी एकदा वंदनाला सोडून गेलो होतो. आज तरी तिचा घास आधी, मग त्याचा. असा मी विचार केला, आणि तो मला बरोबर वाटला.

परसातल्या भिंतीवर पान ठेवलं. आम्ही मागं सरकून उभे राहिलो. समोरच्या कडुलिंबावर रोज कावळ्यांची शाळा भरते. त्या दिवशी एकच आला. पाण्याच्या टाकीवर बसला, मान वाकडी करून पानाकडे पाहिलं आणि उडून गेला.

"येईन परत," बाई म्हणाली.

आला नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. खिरीवर साय धरली. बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "वंदना, अपूर्वाची काळजी करू नको. मी हाय." थांबली. कुणी आलं नाही. "माणिकले बी एकटं पाडणार नाई. येत जाईन मी. गुडघे दुखले तरी येईन." पुन्हा थांबली. "अवं, तुह्या पाटोड्या थंड होऊन राहिल्या."

अपूर्वाला हसू आलं आणि त्यातच रडू आलं.

बाई माझ्याकडे वळली. "काईतरी राहून गेलं तिचं. आमाले काय माईत? तू बोल ना रे. तुह्या बायकोचं पान हाय."

मी पानाजवळ गेलो. हात जोडले. 'तुझं पिल्लू आणलं' असं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पाठोपाठ ते कधी पाहायला गेलो, कुणाला काय सांगून गेलो, हेही म्हणावं लागणार. मागं बहीण आणि मुलगी उभ्या. मी नुसता उभा राहिलो.

"बाबा!"

अपूर्वा पडवीत पळत गेली होती. खोकं उचलून ती माझ्याकडेच आली. "बाबा, ये उठ नाई राहिलं. बघा, मान टाकून राहिलं."

पिल्लू कुशीवर पडलं होतं. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. एक पाय मधूनच झटका दिल्यासारखा हलत होता. मी उचललं तर ओल्या फडक्यासारखं हातावर लोंबलं. जीभ पांढरी पडली होती. गरम पाण्याची बाटली सकाळपासून कुणी बदललीच नव्हती.

मीठा. पहले मीठा. दुसरं काही मला सुचलं नाही. हाताशी वंदनाचं पान होतं. मी खिरीत बोट बुडवलं आणि पिल्लाच्या हिरड्यांवर चोळलं. परत बुडवलं, परत चोळलं. खालच्या हिरडीला, वरच्या हिरडीला, जिभेखाली.

"माणिक!" बाई ओरडली. "तिच्या पानातलं काढलं तू?"

अपूर्वानं शाल आणली. मी स्कूटर काढली, ती पिल्लू छातीशी धरून मागं बसली. निघताना मी वळून पाहिलं. बाई पानाजवळ तशीच उभी होती.

डॉक्टरबाईंनी पायावरचे केस थोडे कापून बारीक सुई लावली आणि साखरेचं सलाईन सुरू केलं.

"मीठा किसने लगाया?"

"मैंने."

"अच्छा किया. नहीं तो यहाँ तक नहीं पहुँचती. सुबह से कुछ खाया नहीं इसने?"

"घर में इसकी माँजी का… मेरी पत्नी का महीना था," मी म्हणालो. "जब तक कौआ नहीं खाता, कोई नहीं खाता."

त्या सलाईनकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं पिल्लाचा कान हलला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाम लेकर बुलाइए, अंकल. आपकी आवाज़ पहचानेगी. क्या नाम है इसका?"

मी अपूर्वाकडे पाहिलं. ती माझ्याकडे.

"ए," मी म्हणालो. मग जिभेनं चक्-चक् केलं. "ए… ए…"

पिल्लानं डोळे उघडले. नाक हलवलं. माझ्या अंगठ्याच्या नखात खिरीचा एक दाणा अडकला होता, तो त्यानं चाटला. एकदा चाटून त्याचं भागलं नाही. सगळा अंगठा चाटला, मग शेजारचं बोट. मला हसू आलं. दवाखान्यात, मोठ्यानं. हसता हसता डोळे भरून आले आणि कशाचं काय ते मलाच कळेना.

सलाईन संपेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. अपूर्वा समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुमी आंघोळीले नव्हते गेले."

मी स्कूटरची किल्ली बोटांत फिरवत राहिलो.

"शर्ट तोच होता तुमचा."

"हो," मी म्हणालो.

"आईले माईत होतं."

मी तिच्याकडे वळलो.

"तुमी गेले न् दहा मिनिटांनी आई म्हणे, तुहा बाप आंघोळीले नाई गेला. कालपासून त्याच्या मनात पिल्लू हाय. पाय, आला की शर्ट हुंगजो." अपूर्वानं नाक पुसलं. "मी हुंगला होता, बाबा. तुमी आले तेव्हाच."

"मंग सांगतलं कावून नाई मले?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहिली."

आत पिल्लू किंचित कुईं करून गप्प झालं.

"अजून काय म्हणे ती?" मी विचारलं.

"खुश होती. दरवाज्याकडेच पाहून राहिली होती. मी नाव विचारलं. म्हणे, बाबाले येऊ दे. मंग पाणी मांगतलं. मी बाटली घ्यायला वळली, अन्…"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे ऐकून मला बरं वाटेल, असं तिला वाटलं असणार. थोडं वाटलंही. पण ती दाराकडे पाहत होती, हे मला आतापर्यंत माहीत नव्हतं.

आम्ही घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. बाई पडवीच्या पायरीवर बसली होती. तोंड सुकलेलं. सकाळपासून पाणीही घेतलेलं दिसत नव्हतं. भिंतीवर नवीन पत्रावळ होती. तिनं पान पहिल्यापासून परत वाढलं होतं.

"जिती हाय?" तिनं विचारलं.

"आहे."

"कावळा?" अपूर्वानं विचारलं.

"नाई आला."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठली. दहाव्याचा उरलेला दर्भ तिनं काढूनच ठेवला होता. "अपूर्वा, ये. किती वेळ उपाशी राहान?" कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पानाला लावतात. अपूर्वानं बाई सांगेल तशी गाठ मारली, चोच केली आणि पाटोडीला टेकवली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

जेवायला बसलो. बाईनं आमच्या ताटांच्या आधी पिल्लाची वाटी भरली आणि माझ्याकडे सरकवली.

"आधी तिले चार. मंग आपण."

मी तिच्याकडे पाहिलं.

"असा काय पायतं? कुत्र्याचा घास त काढतेतच महिन्याले. तू तिच्याच पानातला देला, येवढंच." मग वाढता वाढता हळूच म्हणाली, "पण दर्भाचा कावळा म्हणजे वेळ निभावणं हाय, माणिक. पुढच्या महिन्याले खरा आला पायजे. तू बोलला असता त आला असता."

"काय बोलू?"

"ते मी कावून सांगू? बायको तुही होती."

आठ दिवसांनी बाई तुमसरला गेली. तिच्यानंतर अपूर्वाही हैदराबादला आपल्या नोकरीवर परत गेली. जाताना तिनं पिल्लाच्या खाण्याचे गजर माझ्या फोनमध्ये लावून दिले. गजर वाजला की पिल्लू माझ्या आधी वाटीपाशी जाऊन बसतं. आता त्याला उंबरा चढता येतो. उतरताना अजून तोंडावर पडतं.

मधे लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी पुन्हा नाव विचारलं. मी म्हणालो, अगली बार. अपूर्वा फोनवर तीन-चार नावं सुचवते, चांगली आहेत. मी 'ए' म्हणतो आणि ते धावत येतं, त्यामुळे अडत काही नाही. पण वंदनानं ठरवलेलं नाव त्यात असेल की नाही, हे सांगायला कुणी नाही. आणि माझ्या मनानं एखादं ठेवलं, तर तिनं त्यात खोट काढली असती.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या महिन्याचं पान आहे. खीर मलाच करावी लागणार. पिल्लाला सकाळी आधी खायला घालणार, ते ठरलं आहे. भिंतीपाशी उभं राहून वंदनाला काय सांगायचं, ते ठरलेलं नाही.

पिल्लाला नाव ठेवायचं राहिलं आहे.